भावंडांचा रकाना

आमच्या संस्थेची वेबसाइट पहिल्यांदा झाली तेव्हा मुलं 'बातम्यां'मध्ये होती. थट्टा करत नाही. कुणा देणगीदाराच्या भाच्याने फुकटात करून दिलेली वेबसाइट, तिच्यात पानांचे प्रकार दोनच: 'माहिती' आणि 'बातमी'. माहितीत आमचा पत्ता, फोन आणि समितीच्या लोकांचे हसरे फोटो. उरलेलं सगळं बातमीत. पाण्याची नवी टाकी बसवली, टाका बातमीत. दातांच्या डॉक्टरांचं शिबिर झालं, टाका बातमीत. आणि दत्तक जाण्याजोगं मूल आलं, तर त्यालाही टाका बातमीत. मुलाच्या फोटोखाली तारीख यायची आणि तिच्याखाली 'पुढील बातमी वाचा'. पुढची बातमी टाकीची असायची.

त्यात नवी बातमी वर आणि जुनी खाली. म्हणजे काल आलेलं बाळ पहिल्या पानावर, आणि वर्षानुवर्षं इथेच राहिलेली पोरं ढकलली जात जात पार शेवटी. दत्तक घ्यायची परवानगी मिळालेल्या पालकांनाच ती पानं दिसायची, त्यांना आम्ही पासवर्ड द्यायचो. पण पासवर्ड दिला म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाण्याइतका धीर कोणाला असतो?

मी इथली कारकून. पोरं मला ऑफिसकाकू म्हणतात. आमच्या अधीक्षक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांच्या मते माझं तोंड फटकळ आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. नव्या वेबसाइटसाठी मी त्यांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्यांनी हात जोडले आणि एका माणसाला काम दिलं. हडकुळा, शांत, कितीही बोला, चिडायचा नाही. त्याला आम्ही वेबसाइटवाला म्हणायचो आणि तो मुकाट्याने ओ द्यायचा.

त्याने मला शेजारी बसवून समजावलं. प्रत्येक गोष्टीचा आपापला साचा हवा, म्हणाला. त्याचा शब्द 'कंटेंट टाइप', मी त्याला साचा म्हणाले, मग तोही साचाच म्हणायला लागला. कार्यक्रमाच्या साच्यात तारीख आणि जागा. मुलाच्या साच्यात टोपणनाव, वय, तब्येत, सवयी. एकदा साचा पक्का झाला की तुम्ही नुसते रकाने भरा, पान आपोआप उभं राहतं. मला ते एकदम पटलं. इतकी वर्षं फायली लावतेय, पण पोरांना त्यांची स्वतःची जागा देणारं काही पहिल्यांदाच बघत होते. मी तर इतकी हरखले की त्याला रोज चहा पाजला. माझा चहा कसा असतो हे ठाऊक असूनही तो प्यायला, यावरून त्याचा स्वभाव कळावा.

मग मोठ्या बाईंनी सांगितलं की मुलांचे साचे दोन करा. एक 'लहान मूल', सहा वर्षांखालचं. दुसरा 'मोठं मूल', सहाच्या वरचं. लहानांच्या पानावर फोटो मोठा, टोपणनाव, वय आणि काय आवडतं याची एक ओळ. बस्स. मोठ्यांच्या पानावर फोटो लहान, आणि शाळा, तब्येत, स्वभाव, आधी कुठे होतं, भावंडं आहेत का, असे सगळे रकाने. त्यांचं म्हणणं असं की लहानांच्या पानावरचं कोणी वाचत नाही, नुसता चेहरा बघतात. "त्यांना आधी दारापर्यंत तर येऊ दे. बाकीचं मी समोर बसवून सांगेन," त्या म्हणाल्या.

सहा वर्षांखालची आणि वर मोठं भावंड असलेली पोरं आमच्याकडे तेव्हा फार नव्हती. खरं सांगायचं तर एकच होता. टिल्लू.

टिल्लू आणि त्याची बहीण एकाच दिवशी आले होते. आई वारलेली, बाप कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. ती पोर तेव्हा स्वतःच जेमतेम शाळेत जाण्याएवढी, आणि कडेवर हे तान्हं. सही-शिक्के होईपर्यंत तिने त्याला खाली ठेवलं नाही. आमच्या सांभाळणाऱ्या मावशी त्याला घ्यायला पुढे झाल्या तर ही त्यांना सांगते, "त्याला ताप आहे, अंघोळ घालू नका, नुसतं पुसून घ्या." त्याच दिवशी तिचं नाव आजीबाई पडलं. पुढे सगळ्या संस्थेने तेच उचललं. टिल्लू तिच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायचा नाही. एक कान कायम लाल असायचा पोरीचा.

वेबसाइटवाल्याने साचे करून दाखवले तेव्हा मी पहिल्यांदा आजीबाईचं पान भरलं. भावंडांच्या रकान्यात टिल्लूला निवडलं, तर तिच्या पानावर त्याचा छोटासा फोटो आला, त्याच्यावर बोट ठेवलं की त्याचं पान उघडायचं. मग टिल्लूच्या पानावर गेले, तर तिथे बहिणीचा मागमूस नाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, जोड एकाच बाजूची आहे. मोठ्यांच्या साच्यात रकाना आहे म्हणून तिच्याकडून त्याच्याकडे जाता येतं. लहानांच्या साच्यात रकानाच नाही, त्यामुळे त्याच्याकडून तिच्याकडे येता येत नाही. सांगाल तर घालतो, दोन मिनिटांचं काम आहे.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या नको म्हणाल्या. मी भांडले, त्या पुन्हा नको म्हणाल्या, आणि फोनवर बोलायला लागल्या. त्यांच्याशी भांडताना हाच वैताग असतो, ऐन वेळी त्यांना फोन येतो.

टिल्लूचं पान लागलं आणि थोड्याच दिवसांत एक जोडपं आलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, बायको दुकानातच हिशेब बघायची. साधी, अबोल माणसं. टिल्लूच्या गालाला खळी पडते, ती फोटोत नेमकी आली होती. पहिल्यांदा आले तेव्हा लांबूनच बघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा टिल्लू त्या माणसाच्या मांडीवर बसून त्याचा चष्मा काढत होता आणि तो परत लावत होता, आणि त्या खेळाला अंत नव्हता. मोठ्या बाईंनी बहिणीचं अजून काढलं नव्हतं. ओळख होऊ दे जरा, म्हणाल्या, मग सांगते.

तिसऱ्यांदा आले ते त्याच्यासाठी बूट घेऊन. टिल्लूने ते पायात घातले, धावत आत गेला आणि आजीबाईला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. "ही पण येणार," म्हणाला.

त्या बाईचा चेहरा मी पाहिला. आजीबाईनेही पाहिला. मग ते दोघं मोठ्या बाईंच्या खोलीत बराच वेळ होते, आणि बाहेर आले तेव्हा ती बाई रडत होती, अगदी हमसून. दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची ती माणसं, परवानगी एकाच मुलाची. पुढे फोनवर तो नवरा म्हणाला की दोघांना आणणं झेपणार नाही, आणि एकाला तोडून नेणं आमच्या हातून होणार नाही. वाईट माणसं असती तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. तीही सोय नव्हती.

टिल्लू ते बूट घालून माझ्या ऑफिसच्या खिडकीत बसायचा. कोणी बूट काढायला गेलं की किंचाळायचा. किती दिवस बसला ते मी मोजले नाहीत, मोजायची हिंमतच नव्हती. आजीबाई शाळेतून आली की त्याच्या शेजारी बसायची आणि अभ्यास करायची.

माझं डोकं फिरलं. मी मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते पान खोटं बोलतंय."

"पान काहीच बोलत नाहीये," त्या म्हणाल्या.

"तेच तर सांगतेय मी."

त्या म्हणाल्या, तू रकाना घालशील, सगळं खरं खरं लिहिशील, आणि मग एकही फोन येणार नाही. दोन पोरं एकदम न्यायला आलेलं कुटुंब मी माझ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतकं पाहिलंय, आणि त्यातली मोठी कधीच एवढी मोठी नव्हती. मी म्हणाले, नाही आला तर नाही आला. पण पुन्हा ते पोर बूट घालून खिडकीत बसायला नको. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, कर तुझ्या मनासारखं.

मी केलं. वेबसाइटवाल्याला बोलावून लहानांच्या साच्यात भावंडांचा रकाना घालून घेतला. नुसता घातला नाही, सक्तीचा करून घेतला, शेजारी लाल चांदणी असते तसा. म्हणजे रिकामा ठेवून पान सेव्हच होणार नाही. एक तर भावंडाचं नाव निवडा, नाही तर 'भावंड नाही' निवडा. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बसलं तरी त्याला विसरायची मुभा नको. टिल्लूच्या पानावर आजीबाईचा फोटो आला आणि खाली ओळ आली, 'या भावंडांना एकत्रच घर हवं आहे.' मी आजीबाईला बोलावून दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, माझा फोटो बरा नाही आलाय. मी म्हणाले, तू आहेसच तशी. ती हसली. मला वाटलं, चला, एक तरी काम आपण धड केलं.

आणि मग काही झालं नाही.

कोणत्या पालकाने कोणतं पान उघडलं हे ती वेबसाइट सांगते. टिल्लूचं पान लोक उघडत होते. त्या खळीसाठी उघडायचे, खाली यायचे, ओळ वाचायचे आणि बंद करायचे. पुन्हा उघडायचे नाहीत. काहींनी फोन केले. एकाने विचारलं, दोघांना घेणं बंधनकारक आहे का? मी त्याला विचारलं, बूट घ्यायला गेलात की एकच मागता का? त्याने फोन ठेवला. मोठ्या बाईंच्या कानावर ते गेलं आणि मला बोलणी बसली. मी ऐकून घेतली. तेव्हा माझी मान ताठ होती, कारण मला अजून वाटत होतं की कोणीतरी येईल. जगात इतकी माणसं आहेत, एखाद्या घरात दोन खाटा निघणार नाहीत?

नाही निघाल्या. ऋतू बदलले, शाळेचं वर्ष बदललं, टिल्लूच्या पायाला ते बूट होईनासे झाले आणि दुसऱ्या पोराकडे गेले. लहानांच्या साच्यातली त्याच्यानंतर आलेली पोरं एकेक करून घरी गेली. त्यांच्या रकान्यात 'भावंड नाही' असायचं.

मग एके दिवशी संगणक उघडला तर वर पिवळ्या पट्टीत सूचना: 'लवकरच साचा बदलणारी मुलं.' खाली टिल्लूचं नाव. ही वेबसाइटवाल्याने केलेली सोय. मूल सहा वर्षांचं झालं की जन्मतारखेवरून त्याचं पान आपोआप लहानांमधून निघून मोठ्यांमध्ये जातं, आपण काही करायचं नाही. मोठा फोटो जाऊन लहान येतो, आणि पालक ज्या यादीत शोधतात तिच्यातून नाव जातं. मागे मी त्याचं या सोयीबद्दल तोंडभर कौतुक केलं होतं.

आजीबाई शाळेतून आली की माझ्या ऑफिसात येऊन बसायची, पंख्याखाली. त्या दिवशी ती माझ्या खांद्यावरून वाचत होती हे मला उशिरा कळलं. मी पट्टी बंद केली. ती उठली. दप्तर उचललं आणि गेली.

पुढे चार दिवस ती फिरकली नाही. मग आली ती केस ओले करून, चापून बसवून, शाळेत बक्षीस घ्यायला जातात तशी. टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काकू, टिल्लूच्या पानावरून माझं नाव काढा."

मी तिला झापलं. शहाणपणा शिकवू नकोस, म्हणाले, जा अभ्यास कर. ती हलली नाही. म्हणाली, तो सहा वर्षांचा झाला की मोठ्यांमध्ये येणार, आणि मोठ्यांच्या पानावर कोणी येत नाही. मी म्हणाले, येतात की. तिने विचारलं, "माझ्या पानावर कोण आलं आजपर्यंत?"

मला ठाऊक होतं. तिचं पान एकाच माणसाने उघडलं होतं, आणि ते माणूस मी, सगळं बरोबर दिसतंय का ते तपासायला. मी म्हणाले, येतात अधूनमधून. एरवी माझं तोंड पट्ट्यासारखं चालतं, पण त्या पोरीपुढे मला धड एक थाप मारता आली नाही.

मी दुसरं काढलं. म्हणाले, अगं, तो तुझ्याशिवाय झोपत नाही.

"लागेल सवय," ती म्हणाली. "आई गेल्यावर मला लागलीच की."

मी तिला मोठ्या बाईंकडे पाठवलं. खरं तर टोलवलं. बाई तिला समजावतील, नाही म्हणतील, आणि माझी सुटका होईल अशी आशा होती. बाईंनी दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने आजीबाई बाहेर आली, नेहमीसारखी. डोळे बाईंचे लाल होते. म्हणाल्या, तिच्या वयाच्या मुलीला विचारावंच लागतं, ती जे सांगेल ते लिहून घ्यावं लागतं. मग बालकल्याण समितीच्या एक बाई आल्या, त्यांनी तिला एकटीला बसवून विचारलं, उलटसुलट विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन विचारलं. कोणी भरीस घातलं का, कोणी काही बोललं का. ती म्हणाली, कोणी नाही, मलाच वाटतं. त्यांनी तिची सही घेतली. दोघांना वेगळं पाठवायला हरकत नाही असा कागद आला.

कागद माझ्या टेबलावर ठेवून मोठ्या बाई म्हणाल्या, "पानावरचं तूच बदल. मला नाही जमणार ते."

ज्यांना मुळात तो रकानाच नको होता त्या हे म्हणाल्या. एरवी मी त्यांना ऐकवलं असतं, त्या दिवशी नुसता कागद उचलला आणि संगणक चालू केला.

मी टिल्लूचं पान उघडलं तेव्हा आजीबाई शेजारी स्टुलावर बसली होती. तिला नको बसू म्हटलं होतं, पण ती बसली. तिच्या नावापुढे एक बारीक फुली असते, तिच्यावर दाबलं की नाव निघतं. मी दाबलं. फोटो गेला. सेव्ह केलं तर होईना. लाल अक्षरांत आलं: 'हा रकाना भरणं आवश्यक आहे.' मीच हट्टाने करून घेतलेली सक्ती. माझा हात माउसवरून निघाला आणि मला तो परत ठेवता येईना. आजीबाईने माउस स्वतःकडे घेतला. यादी उघडली, खाली गेली, आणि 'भावंड नाही' निवडलं. मग सेव्ह.

"माझ्या पानावर त्याचं नाव राहू दे," ती म्हणाली. "ते कोण बघतंय."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. मला त्या रकान्याचा संताप आला होता, आणि स्वतःचा. माझ्या हट्टाने ती दोघं एकत्र राहिली होती, आणि त्याच हट्टाने त्या पोराचं घर हातचं गेलं होतं, आणि यातलं काय बरोबर होतं हे मला आजही कोणी सांगू शकणार नाही. आजीबाई उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

पुढचं भराभर झालं. एक भूगोलाचे मास्तर आणि त्यांची बायको, ती शिवणकाम करायची. पान उघडल्यावर दोनच दिवसांत फोन. या वेळी मोठ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. पानावर नसलं तरी मोठी बहीण आहे, तिची संमती आहे, हा तिचा कागद. फक्त तिची एक अट आहे. ती कोण हे तुम्हाला दाखवायचं नाही. अट आजीबाईचीच होती. मला म्हणाली होती, मला बघितलं की ही बाई पण त्या चष्मेवाल्या बाईसारखी रडेल, आणि मग येणार नाही.

म्हणून ती माणसं यायची तेव्हा आजीबाई मागच्या धुण्याच्या खोलीत असायची. टिल्लू तिला ताई म्हणायचा, पण आमच्याकडे लहान पोरं सगळ्याच मोठ्या मुलींना ताई म्हणतात, त्यामुळे त्याच्या बोलण्यावरून कोणाला काही कळलं नाही. रात्रीचं तिने स्वतःच मोडून काढलं. आपली गादी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तो रडत रडत तिच्यापाशी आला की उचलून परत त्याच्या जागी ठेवायची. त्याने तिला चावे घेतले, बोचकारलं. मावशी म्हणाल्या, अगं, निदान शेवटचे दिवस तरी जवळ घे. ती म्हणाली, मग तिकडे गेल्यावर तो कोणाचा कान धरेल? हळूहळू तो उशीचं टोक धरून झोपायला लागला. दिवसा मात्र तिच्याशी बोलेना. तिला ते चाललं.

ती त्याला सांगायची, तू पुढे जा, मी मोठी झाले की येईन. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

न्यायला आले तो दिवस सुट्टीचा होता. टिल्लू नवा शर्ट घालून मास्तरांच्या हाताला धरून निघाला. सगळी पोरं फाटकाशी जमली होती. आजीबाई तेवढी माझ्या ऑफिसात, कपाटाच्या आड उभी. तिथून फाटक दिसतं, फाटकातून आतलं दिसत नाही. मी तिच्याजवळ गेले नाही. मला भीती वाटत होती की मी जवळ गेले तर मीच काहीतरी वेड्यासारखं करीन, बाहेर पळत जाईन, गाडी थांबवीन. टिल्लू गाडीत बसला. दार लागलं.

मग दार पुन्हा उघडलं आणि मास्तरांची बायको उतरून लगबगीने ऑफिसात आली. म्हणाली, त्याच्या खोकल्याचं औषध राहिलं, मोठ्या बाईंनी तुमच्याकडून घ्यायला सांगितलंय. माझी नजर टेबलावर फिरली, तिथे बाटली नव्हती. बाटली आजीबाईच्या हातात होती. ती कपाटाच्या आडून पुढे आली.

बाईने तिच्याकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं, मोठ्या मुलीकडे पाहून कोणी हसेल तसं. मग मला हळू आवाजात म्हणाली, "त्याची बहीण... भेटत नाही मी, कबूल केलंय. नुसती लांबून दिसली असती तर मनाला बरं वाटलं असतं."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे. माझ्या आधी आजीबाईच बोलली.

"ती बाहेरगावी गेलीय. शाळेची सहल आहे."

बाईने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण तिने ते आवरलं. म्हणाली, "ती आली की सांगशील का तिला? म्हणावं, आम्ही त्याला जपू."

"सांगते," आजीबाई म्हणाली. मग तिने बाटली पुढे केली आणि समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा, जेवण झाल्यावर, छोटा चमचा. आधी औषध म्हणून सांगायचं नाही, तो तोंड मिटून घेतो. त्याला काहीतरी विचारायचं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की द्यायचं. वर लगेच पाणी द्यायचं नाही, ओकतो. बाईने सगळं नीट ऐकून घेतलं, एकदा स्वतः म्हणून दाखवलं, आणि बाटली पर्समध्ये ठेवली. जाता जाता तिने आजीबाईच्या गालाला हात लावला.

"किती गुणी आहेस गं," ती म्हणाली. "नाव काय तुझं?"

आजीबाईने तिला दुसऱ्याच एका मुलीचं नाव सांगितलं.